उसने जंत

शेळीला औषध पाजणं काय चीज असते, हे ज्यानं कधी पाजलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. एरवी शेळी म्हणजे अगदी गरीब गाय. पण तोंड उघडायची वेळ आली की तिच्या अंगात वकील संचारतो. ती मान इकडे फिरवते, तिकडे फिरवते, दात आवळते, जीभ आडवी घालते, आणि शेवटी सगळं औषध तुमच्या अंगावर थुंकून तुमच्याकडेच असं बघते की जणू सांडलं तुम्हीच!

पण टकळीपुढे एकाही शेळीची डाळ शिजत नसे. टकळी म्हणजे कोपऱ्यावरच्या शेळीवाल्यांची नववीतली मुलगी. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि ते तिथंच राहिलं होतं. एकदा तोंड सुरू झालं की सूत तुटायचं नाही, म्हणून घरीदारी सगळे तिला टकळीच म्हणायचे. दोन गुडघ्यांत शेळीची मान, अंगठा ओठाच्या कडेला, पिचकारी जिभेच्या मागे, फुस्स! पुढची! शेळीला आपण औषध प्यालो हे कळेपर्यंत ती फळ्या लावून केलेल्या अरुंद बोळातून पलीकडे गेलेली असायची.

"एकही सुटता कामा नये," बाबा मागून म्हणायचे. महिना भरला की जंताचं औषध, सगळ्यांना औषध, धडधाकट असो की मरतुकडी. आणि औषध झालं की त्याच दिवशी कळप कुरणाच्या नव्या, न चरलेल्या भागात. पोट साफ, गवत साफ. बाबांचा गोठा असा असायचा की खाली पडलेला घास खुशाल उचलून तोंडात टाकावा. आई तर शेळ्यांच्या पाण्याचं टाकं असं घासायची की त्यात तोंड बघून भांग पाडता यावा. शेळीपाळांच्या मंडळात कुणाच्या जनावराला काही झालं की लोक म्हणायचे, "जरा कोपऱ्यावरच्यांकडे बघा. शिका काहीतरी."

आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची जंतमावशी.

हे नाव टकळीनंच ठेवलं होतं, हे आधीच सांगून टाकते. मावशीच्या शेळ्या म्हणजे चालत्याबोलत्या केरसुण्या. अंगाला काटे, शेपटीला चिखल, पोटं अशी सुटलेली की नगारेच. मावशी उपड्या बादलीवर बसून त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहायची. कुणी म्हटलं, "अहो, जंताचं औषध तरी पाजा," की ती मान डोलवायची. "पाजू की. उद्या पाजू." तिचं उद्या काही उजाडत नसे. एकदा शाळेतून येताना टकळीच्या तोंडून निघून गेलं, "ती बघा जंतमावशी, पोरंबाळं घेऊन फिरायला निघाली!" सगळ्या मैत्रिणी पोट धरधरून हसल्या. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग ते नाव घेत होता. आठवडाभरात अख्खी शाळा. टकळीला वाटलं, आपण काहीतरी शोध लावला!

मग मंडळाची बैठक आली. दूध गोळा करायच्या शेडमध्ये सगळे जमले होते. विषय होता कुरणाचा. कुरण सगळ्यांचं, तेव्हा शिस्त सगळ्यांना. बाबांना बोलायचं होतं, पण चार माणसं दिसली की बाबांचा घसा बसतो. म्हणून बाबांच्या जागी टकळी उभी राहिली. आधी तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. पण पहिलं वाक्य निघालं, दुसरं निघालं, आणि मग काय, टकळीच ती!

"एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो," ती म्हणाली. "आम्ही महिन्याच्या महिन्याला औषध पाजायचं, आणि शेजारच्या शेळीनं येऊन आमच्या गवतात लेंड्या टाकायच्या, हा कुठला न्याय? जो औषध पाजेल त्याचीच जनावरं कुरणात. आपण जागरूक व्हायचं की जंतांना पाहुणचार करायचा, ते आत्ता ठरवा!"

टाळ्यांनी पत्रे वाजले. नियम तिथल्या तिथं झाला. अध्यक्षकाकांनी तिची पाठ थोपटली. आणि शेवटच्या रांगेत बसलेली मावशी, जिच्यासाठी हे सगळं होतं, तीही टाळ्या वाजवत होती. "पोरगी बोलते मात्र फर्डं," ती शेजारणीला म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या, एरवीही कुरणाच्या कडेकडेनंच चरणाऱ्या, शेळ्या विटांच्या भिंतीमागे, नाल्याकडेच्या पट्टीवर नेऊ लागली. टकळीनं ते पाहिलं. तिला जरा कसंतरी झालं, पण जराच. विजयाच्या धुंदीत माणसाला फार वेळ कसंतरी होत नाही.

त्या वर्षी गवत नुसतं माजलं होतं. आणि गवत माजलं तेव्हाच मास्तरीण आजारी पडली.

मास्तरीण म्हणजे कळपातली सगळ्यात मोठी शेळी. चष्म्यावरून बघितल्यासारखी बघायची, म्हणून मास्तरीण. तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. आईनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लालचुटूक असायला हवी, ती कागदासारखी पांढरी.

"हिला औषध दिलं होतंस ना?" आईनं विचारलं.

"दिलं म्हणजे? माझ्या हातून कधी कुणी सुटलंय?"

"मग परत दे."

परत दिलं. सूज हटेना. बाबांनी निळी बाटली बदलून गुलाबी आणली. ती दिली. मग पिवळी आणली. पिवळी देऊन चार दिवस झाले असतील नसतील, मास्तरीण सकाळी उठलीच नाही. टकळी एवढ्या मोठ्यानं रडली की समोरचे लोक दारात आले. त्यानंतर आणखी दोघी. आणि मग कवडीची पापणी पांढरी दिसायला लागली, तेव्हा टकळीच्या तोंडचं पाणीच पळालं. कवडीची आई बाळंतपणात गेली होती. टकळीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती अजून तिच्या ओढणीचं टोक चोखायची.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या एक पेटी घेऊन. बारीकशा बाई, मोठ्ठे बूट, बोलणं कमी. त्यांनी आधी कवडीच्या आणि दहाबारा जणींच्या ताज्या लेंड्या डब्यांत घेतल्या. मग म्हणाल्या, "आता नेहमीसारखं औषध पाजा. माझ्यासमोर."

टकळीनं असं पाजलं की बघत राहावं! बाईंनी मान हलवली. "हात छान आहे तुझा." टकळी दोन आठवडे त्या एका वाक्यावर जगली.

दोन आठवड्यांनी बाई परत आल्या, परत लेंड्या घेतल्या, ओसरीवरच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला आणि बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग टकळीला म्हणाल्या, "ये, बघ."

टकळीनं पाहिलं. फिकट उजेडात इवलीइवली लांबट अंडी, आणि प्रत्येकाच्या पोटात गोल गोल मणी. इकडे अंडी, तिकडे अंडी, काच सरकवावी तिकडे अंडी.

"हे औषधाच्या आधीचं ना?"

"नंतरचं. आधी होती जवळजवळ तेवढीच आहेत."

बाबा एकदम उठले. "म्हणजे औषधात भेसळ! मला शंका होतीच. मी त्या दुकानदाराला..."

"दुकानदाराला काही बोलू नका. औषध चोख आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी तिन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. निळीत जे होतं तेच गुलाबीत, गुलाबीत होतं तेच पिवळीत. "रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. आतलं औषध एकच. तुम्ही वर्षानुवर्षं एकच औषध पाजताय."

"पण नियमानं पाजतोय हो!" आई म्हणाली. "एकही शेळी सोडत नाही."

"तेच तर झालं." बाईंनी चष्मा पुसला. "हे बघा, जंत हजार असतील तर त्यातले पाचदहा जन्मतःच चिवट असतात. औषधानं बाकीचे मरतात, हे राहतात. आता कळपातल्या दोनचार शेळ्यांना औषध दिलंच नसतं, तर त्यांच्या पोटातले साधे जंत कुरणावर पसरले असते आणि चिवटांची जात त्यांच्यात मिसळून पातळ झाली असती. पण तुम्ही सगळ्यांना पाजलंत. आणि वर त्याच दिवशी कळप कोऱ्या गवतात सोडलात. तिथं पोचले कोण? फक्त पास झालेले. तुम्ही दर महिन्याला जंतांची परीक्षा घेतलीत आणि पहिल्या नंबरवाल्यांना एवढं मोठं कुरण बक्षीस दिलंत."

आईनं हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे आम्ही जंत पोसले?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पोसतात सगळेच. तुम्ही घडवलेत," बाई म्हणाल्या. आणि मग जरा मऊपणानं, "मुद्दाम नाही. मेहनतीनं. आणि मंडळात सगळे तुमचंच बघून करतात, असं ऐकलं. म्हणजे सगळ्या कुरणाचं हेच झालं असणार."

टकळीला बैठकीतल्या टाळ्या ऐकू आल्या. कान असे तापले की हात लावला असता तर भाजला असता.

उपाय होता, पण तो ऐकून सगळे चक्रावले. दुसऱ्या जातीचं एक औषध अजून लागू पडत होतं. ते खंगलेल्यांना आत्ता, आणि बाकीच्यांना एकदाच, कुरण नव्यानं सुरू करताना. त्यानंतर महिन्याची पिचकारी बंद. ज्या शेळीची पापणी पांढरी दिसेल तिलाच औषध. कुरण उन्हाळाभर रिकामं ठेवायचं, म्हणजे गवतातले बरेचसे चिवट जंत उन्हानं मरतील. आणि मग तिथं साधे जंत नेऊन सोडायचे.

"सोडायचे?" बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"हो. औषधानं मरणारे, साधेभोळे जंत. ज्या कळपाला कधी औषध मिळालंच नाही, अशा शेळ्या आधी त्या कुरणावर चारायच्या. जंत तर राहणारच, ते काही जगातून जात नाहीत. निदान ऐकणारे तरी राहू देत. नाहीतर हेही औषध दोनतीन वर्षांत संपेल, आणि मग माझ्या पेटीत तुमच्यासाठी काही उरणार नाही. असं कुणी आहे का जवळपास, औषध न देणारं?"

बाबा बुटांच्या नाड्या बघू लागले. आई रिकामा कप उचलून आत निघाली. तिघांच्याही मनात एकच बादली उपडी पडली होती आणि तिच्यावर एकच बाई बसली होती.

"नाही," टकळी म्हणाली. फटकन. "आमच्याकडे असं कुणीच नाही. सगळे जागरूक आहेत."

"अरेरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेटी आवरली.

बाई गेल्यावर आई टकळीवर बरसली. "नाही कशाला म्हणालीस?"

"मग तू हो म्हणायचंस!"

"मी कुठल्या तोंडानं म्हणू? त्या बाईला मी टाक्यापाशी उभं राहू दिलं नाही!"

"बाबांनी जावं."

"मी?" बाबा म्हणाले. "मला बोलता कुठं येतं? बोलणारी तू."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची ते ठरलं होतं, फक्त उंदीर बिळातून बाहेर यायला तयार नव्हता. कवडीला नवं औषध मिळालं आणि ती थोडं थोडं खायला लागली. तिच्याकडे पाहिलं की टकळीला बाईंचं रिकाम्या पेटीचं बोलणं आठवायचं. हे औषध संपलं की कवडी संपली. आणि उपाय गल्लीच्या त्या टोकाला, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

मग टकळीच्या सुपीक डोक्यात कल्पना आली. जंतांची अंडी असतात कुठं? लेंड्यांत. लेंड्या असतात कुठं? नाल्याकडेच्या पट्टीवर, सगळीकडे, फुकट! मग मागायचं कशाला? गुपचूप उचलायच्या आणि कुरणावर पसरायच्या. ना कुणाला विचारणं, ना कुणापुढे मान खाली घालणं. कुरण अजून रिकामं झालेलं नाही, शेणाच्या बादलीत अंडी किती दिवस टिकतात, असले प्रश्न तिला पडले नाहीत. लाज चुकवायला निघालेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

शाळा सुटल्यावर ती बादली घेऊन विटांच्या भिंतीमागे गेली. मावशी दिसली नाही. शेळ्या चरत होत्या. टकळी ओणवी होऊन एकेका शेळीच्या मागे मागे फिरू लागली, जशी काही लग्नातली करवली. बादली निम्मी भरली असेल, तेवढ्यात भिंतीच्या सावलीतून आवाज आला.

"काय हरवलं गं?"

मावशी तिथं पाय पसरून बसली होती. पहिल्यापासून बघत होती.

"काही नाही! म्हणजे... लेंड्या." टकळीची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. "शाळेत. शाळेत बाग करतोय आम्ही. खताला हव्यात."

"मग चोरासारख्या काय वेचतेस? मागितल्या असत्यास तर नाही म्हटलं असतं का मी?" मावशी गुडघ्यावर हात टेकत उठली, आणि काय करावं? स्वतः ओंजळीनं लेंड्या भरायला लागली! "हिच्या घे. ही खादाड आहे, हिच्या टपोऱ्या असतात. बाग करताय हे फार चांगलं. कुणीतरी हिरवं काही केलं पाहिजे. तू काढलीस ना कल्पना? मला वाटलंच. बैठकीत किती छान बोललीस तू. मी घरी जाऊन सुद्धा विचार करत होते."

टकळीनं भरलेली बादली उचलली. तिला ती उचलवत नव्हती. लेंड्यांना काही एवढं वजन नसतं.

ती बादली गोठ्यामागे पोत्याखाली झाकून ठेवली आणि तिनं ठरवलं, झालं गेलं, आता पुढचं पुढं बघू.

पुढचं दुसऱ्याच दिवशी आलं. पाठीवर पोतं घेऊन.

भूगोलाचा तास होता. दारात सावली पडली, आणि वर्गबाई बोलायच्या थांबल्या. दारात मावशी उभी होती, घामानं डबडबलेली, पाठीवर हे एवढं गच्च भरलेलं पोतं. मागच्या बाकांवरून खुसखुस सुरू झाली. "जंतमावशी! ए, जंतमावशी आली!"

"बाई, जरा त्रास देते," मावशी म्हणाली. "बागेसाठी आणलंय. काल मुलीनं बादलीभरच नेलं, तेवढ्यानं काय होणार? कुठं ओतू? बाग मागच्या अंगाला आहे का? मी सगळीकडे फिरले, मला दिसली नाही."

दिसणार कुठून? शाळेचं अंगण सगळं सिमेंटचं. हिरवं म्हणाल तर एक फाटकाचा रंग.

"कसली बाग?" वर्गबाईंनी विचारलं. "कुठली मुलगी?"

मावशीनं हसून टकळीकडे बोट दाखवलं. हसताना तिला वाटत असणार की आपण त्या मुलीचं कौतुकच करतोय.

टकळी उभी राहिली. सगळा वर्ग वळला. ह्याच वर्गाला तिनं किती वेळा हसवलं होतं! एक वाक्य, फक्त एक चटपटीत वाक्य सुचलं असतं तरी ती सुटली असती. आणि सुचलंही. "अहो मावशी, दुसऱ्या शाळेत म्हणाले होते मी!" असं म्हणून डोळा मारायचा, झालं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. पण मावशीचे हात अजून पोत्याच्या गाठीवर होते, आणि नखांत लेंड्यांचा चुरा होता.

"बाग नाहीये, मावशी," टकळी म्हणाली.

"नाहीये?"

"मी खोटं बोलले. मला तुमच्या शेळ्यांचे जंत हवे होते."

वर्ग असा फुटला की वर्गबाईंना डस्टर आपटावं लागलं. टकळी थांबली. हसू ओसरेपर्यंत उभी राहिली, आणि मग बोलली. पण ते तिचं नेहमीचं बोलणं नव्हतं. सूत तुटत होतं, गाठी पडत होत्या. आमच्या शेळ्यांचे जंत औषधानं मरत नाहीत. ते आम्हीच तसे केले. सगळ्यांना पाजून पाजून. तुमचे मरत असतील. ते कुरणावर सोडायला हवेत, नाहीतर सगळ्यांच्याच शेळ्या जातील. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं कुणी आहे का. मी नाही म्हणाले.

"का गं?" मावशीनं विचारलं.

"तुमच्याकडे मागायला यावं लागलं असतं."

मागून सवयीनं पुन्हा कुणीतरी पुटपुटलं, "जंतमावशी." ह्या वेळी कुणी हसलं नाही, त्यामुळे ते स्वच्छ ऐकू आलं.

"हे नाव पण तुझंच ना?" मावशी म्हणाली.

"हो."

"वाटलंच होतं. शब्द बरोबर जुळवतेस तू." तिनं पोतं हळूच भिंतीशी टेकवलं, वर्गबाईंना "चालू दे तुमचं" म्हणाली, आणि गेली.

ते पोतं शाळा सुटल्यावर टकळीनं एकटीनं घरी नेलं. भर बाजारातून. एरवी तिच्या भोवती चार मैत्रिणी असायच्या. त्या दिवशी सगळ्यांना कुठं ना कुठं काम निघालं. आणि तिला ते बरंच वाटलं.

घरी तिनं सगळं सांगितलं. आई कपाळाला हात लावून बसली. मग बाबा म्हणाले, "आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. उठा. तिघंही चला."

मावशीच्या घरी ते पहिल्यांदाच जात होते. एकच खोली. खाटेवर कपड्यांचा डोंगर. मावशीनं तो डोंगर कवेत घेऊन इकडून तिकडे ठेवला आणि म्हणाली, "बसा. पसारा आहे. तुमच्यासारखं नीटनेटकं मला जमत नाही." आई खाटेच्या कडेवर बसली, आणि तिचं लक्ष फळीकडे गेलं. टकळीचंही गेलं. फळीवर निळी बाटली होती. उघडलेली.

टकळी ताडकन फळीपाशी गेली. "मावशी... तुम्ही औषध पाजलंत?"

"अगं, तू बैठकीत बोललीस ना? मला फार लागलं ते. म्हणजे राग नाही आला. लाज वाटली. म्हटलं, एवढी पोर सांगतेय आणि आपण जन्मभर उद्या उद्या करतोय. दुसऱ्या दिवशी जाऊन आणलं."

"सगळ्यांना पाजलंत?" हे बाबांनी विचारलं. बाबांच्या घशाला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, आवाज खणखणीत निघाला.

मावशी चपापली. तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "नाही हो," ती हळूच म्हणाली. "निम्म्यांना पाजलं आणि कंबर धरली. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी पाजणार होते. मग राहूनच गेलं. रागावू नका. उद्या नक्की पाजते."

टकळीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम नाकातून बाहेर पडलं. निम्म्या राहिल्या होत्या! नुसत्या आळसानं! पण "रागावू नका" हे शब्द तिच्या कानांतून जाईनात. मागायला ते तिघं आले होते, आणि देणारी बाईच त्यांची क्षमा मागत होती.

"नका पाजू, मावशी," टकळी म्हणाली. "कृपा करून पाजू नका." आणि मग आईनं, जी कधी कुणापुढे वाकली नव्हती तिनं, खाली बघत बघत सगळं मागितलं.

मावशी ऐकत राहिली. "न्या शेळ्या," ती शेवटी म्हणाली. "त्यात काय. पण मी यायची नाही तिथं. मला त्या कुरणावर लाज वाटते."

"लाज आम्हाला वाटायला हवी," टकळी म्हणाली.

"हवी ना. पण माझी अजून गेली नाही, त्याला मी काय करू?"

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा टकळीनं त्यांनाही आपलं खोटं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, नुसतं "हं" म्हणाल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. त्यांनी मावशीच्या शेळ्या तपासल्या. नाल्याकडच्या गवतातून पोटात पुन्हा जंत आले होतेच. पण औषध देऊन पाहिलेल्या चार शेळ्यांच्या लेंड्यांत नंतर एक अंडं सापडेना. "साधेसुधे," बाई म्हणाल्या. "हवे तसे." जाताना त्यांनी मावशीलाही सुनावलं, की आळस हे काही औषध नाही, तुमच्याही दोन शेळ्यांच्या पापण्या पांढऱ्या आहेत, त्यांना द्यायलाच हवं. मावशी म्हणाली, "देते. उद्या." टकळीनं त्या दोघींना तिथल्या तिथं पाजून टाकलं.

मंडळाच्या बैठकीत टकळीनं उभं राहून सांगितलं की माझं चुकलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दोघंतिघं तर तोंडावर म्हणाले, "तुझ्या नादी लागून आमचं वाटोळं झालं." ती ऐकून घेत राहिली. नियम रद्द झाला. कुरण उन्हाळाभर उजाड पडून राहिलं.

मग पुन्हा हिरवळ आली, आणि एका सकाळी टकळी मावशीच्या दारात शेळ्या न्यायला उभी राहिली. तिनं हाका मारल्या. ट्रर्र केलं, शीळ घातली, पाला दाखवला. शेळ्या ढिम्म. त्यांना कुणी कधी हाकललंच नव्हतं. मावशी चालू लागली की त्या मागून चालायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. बराच वेळ ही वरात दारातच उभी राहिल्यावर मावशी बादलीवरून उठली. "फाटकापर्यंतच हं," ती म्हणाली.

ती पुढे, शेळ्या मागे, आणि सगळ्यात शेवटी टकळी. गल्लीतली माणसं दारांत आली होती. मावशी कुणाकडे न बघता चालली. फाटकाशी आल्यावर ती बाजूला झाली, शेळ्या तिला घासत आत शिरल्या, आणि चार पावलांवर थांबून, वळून, तिच्याकडे बघत ओरडू लागल्या. समोर गुडघाभर गवत, आणि एकीचंही तोंड खाली जाईना.

"मावशी, आत या ना," टकळी म्हणाली.

"नको गं. माझ्या चपला घाण आहेत."

त्याच लेंड्यांनी भरलेल्या चपलांच्या मालकिणीकडून तर त्यांनी हे सगळं उसनं घेतलं होतं. हे सांगायला शब्द होते, पण ते सगळे बैठकीत वापरलेल्या शब्दांसारखेच वाटत होते. ती नुसतीच फाटक धरून उभी राहिली. शेळ्या ओरडत राहिल्या.

"अगं, खा गं बायांनो," मावशी बाहेरूनच म्हणाली. "मी आहे इथं." आणि ती रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या तारेला पाठ लावून खाली बसली.